खळीची दोन पातेली

श्रावणातल्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास माझ्या धाकट्या बहिणीच्या सासूने रोह्याच्या घरी चहाबरोबर पावाचे दोन तुकडे खाल्ले. सव्वाअकराला तिला उलटी झाली. बारापर्यंत आणखी दोन झाल्या. पाव मी केला होता, त्याच दिवशी सकाळी, पेणजवळ हमरापूरला माझ्या स्वयंपाकघरात; दोन दिवस माझ्याकडे राहिलेली बहीण तो घेऊन गेली होती.

साडेबाराला बहिणीचा फोन आला.

"ताई, पावात काय घातलं होतंस?"

"तुझ्यासमोरच तर मळला. तूच मळलास अर्धा."

"ते हाय गो. पण आई म्हणतात, अंडं होतं."

मागून सासूचा आवाज आला. तीन उलट्या झालेल्या बाईचा वाटणार नाही इतका खणखणीत. "चिनी पाव हाय तो! त्यात काय काय असंल, नीट विचार तिला!"

डॉक्टरांना दाखवलं का, असं मी विचारलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं होतं आणि पित्त म्हणून सांगितलं होतं. संध्याकाळी सासू पेज प्यायली. दुसऱ्या दिवशी ती उठून कामाला लागली. म्हणजे आजार एका दिवसात संपला. पुढचे दहा दिवस चाललं ते दुसरंच.

त्या पावाला दोन्ही घरांत चिनी पाव म्हणत. तो आमच्याकडे धाटावमधून आला. बहिणीचा नवरा तिथल्या एका कंपनीत शिफ्टला आहे. कंपनीत नवी मशीन बसवायला चीनहून माणसं आली होती, ती रोह्याच्या लॉजवर महिनाभर होती. त्यांतल्या एकाने मेहुण्याला डब्यातला पाव दिला. मेहुण्याने तो अर्धा स्वतः खाल्ला आणि अर्धा घरी आणला. आपल्या बेकरीच्या पावासारखा तो तुटत नव्हता. ओढला की कापसासारखे धागे निघत. गोड होता, पण किंचित, खाऊन झाल्यावर कळेल इतकाच. कृती मागितली तर त्या माणसाने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. मेहुण्याने तो मला पाठवला, कारण आमच्या घरात भट्टी आहे. भट्टी म्हणजे साधा ओटीजी, नानकटाईसाठी घेतलेला.

व्हिडिओतली बाई चिनी भाषेत बोलत होती. मला एक शब्द कळला नाही. मी आवाज बंद करून पाहिला. पहिलीच गोष्ट तिने केली ती अशी: छोट्या पातेल्यात थोडा मैदा, त्याच्या पाचपट पाणी आणि दूध, मंद आचेवर ढवळत राहणं. चमच्यामागे रेघ उमटायला लागली की खाली. झाकून गार करायचं, मग ते उरलेल्या मैद्यात घालून पीठ मळायचं. पावाचा मऊपणा त्यातून येतो.

माझा नवरा शेजारी उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "ही तर खळ."

खळच होती. आमच्या घराला लागून गणपतीचा कारखाना आहे. नवरा कागदी लगद्याच्या मूर्ती करतो. साच्यातून दोन अर्धे भाग निघतात, ते जोडतात आणि जोडावर कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवतात. ती खळ गेली कित्येक वर्षं मीच शिजवते, माझ्याच गॅसवर. मैदा तोच, पाणी तेच, आच तीच. फरक एवढाच की कारखान्याच्या खळीत शेवटी मोरचूद पडतं, हरभऱ्याएवढा निळा खडा कुटून. मोरचूद घातलेल्या खळीला कीड लागत नाही, मुंगी येत नाही, बुरशी धरत नाही. मोरचूद विषारी असतं हे हमरापुरात लहान मुलालाही ठाऊक आहे.

म्हणून घरात एक नियम होता. खाण्याच्या पातेल्यावर ताटली. कारखान्याच्या पातेल्यावर वर्तमानपत्राचा कागद. पातेली दोन्ही सारखीच, माझ्या रुखवतातली जोडी. नियम लेखी नव्हता, पण लग्नापासून मोडला नव्हता.

व्हिडिओत त्या बाईने पिठात एक अंडं फोडलं होतं. मी ते कधीच घातलं नाही. बहिणीची सासू वर्षभर मासे-मटण खाते, पण श्रावण कडक पाळते. महिनाभर तिच्या चुलीवर अंड्याचं टरफलही फिरकत नाही. पाव तिच्याकडे जाणार म्हणून मी अंड्याच्या जागी दूध पावडर आणि लोणी वाढवलं, आणि वरून लावायला साधं दूध. खळीत एक चमचा साखर घालत होते. ती व्हिडिओत नव्हती. ती माझी भर.

सासूने तो व्हिडिओ मुलाच्या मोबाइलवर पाहिला होता. अंडं फुटताना पाहिलं होतं. त्यामुळे तिचा संशय हवेतला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी बहिणीने पुन्हा फोन केला. ती परसात जाऊन बोलत होती.

"आई म्हणतात, तुझ्या माहेरचं काय पण या घरात येणार नाय. ओवशाची सुपं पण नाय. त्या बाजारातून आणतायत."

हे इतर भागातल्या वाचकाला साधं वाटेल. तसं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या ओवशाला नवी सून गौरीपुढे बांबूची सुपं घेऊन ओवसते. सुपात फळं, पानं, भाज्या, ओटी. आमच्याकडे पाच सुपं असतात आणि ती माहेरून यावी लागतात. गल्लीतल्या बायका आधी सुपं बघतात, मग गौर. कुठून आली, कुणी आणली, काय काय भरलं, सगळं विचारलं जातं. बाजारातली सुपं घेऊन ओवसणारी मुलगी म्हणजे जिला मागे कुणी नाही ती. आमचे आईवडील नाहीत. बहिणीचं माहेर म्हणजे माझं घर. तिचं लग्न वैशाखात झालं होतं आणि गौरी तीन आठवड्यांवर होत्या.

"त्यांनी पावच खाल्ला होता का फक्त?" मी विचारलं.

"चा आणि पाव."

"आदल्या रात्री?"

"भाकरी आणि वाल. आम्ही सगळ्यांनी खाल्ले... म्हणजे मी नव्हते, मी तुझ्याकडंच होते. ह्यांनी खाल्ले. ह्यांना काय झालं नाय."

"पाव अजून कुणी खाल्ला?"

"कुणी नाय. हे पहिल्या शिफ्टला. माझा गुरुवार."

मी वहीत लिहिलं. मी वर्तमानपत्रात काम केलंय, ही सवय तिथल्या डेस्कवरची. डावीकडे कळलेलं, उजवीकडे कुणाकडून. एकाच माणसाने सांगितलेलं असेल तर पुढे फुली.

पहिला संशय मी सासूवर घेतला. ते लपवण्यात अर्थ नाही. लग्नात मानपानावरून तिने एकदा तोंड वाकडं केलं होतं. सूनबाईने दोन दिवस माहेरी राहणं तिला आवडलं नव्हतं, हेही ठाऊक होतं. उलटी काढता येते. बोटं घालूनही होते. मी वहीत तसं लिहिलं आणि पुढे फुली मारली. बहिणीला विचारलं, उलटी तू पाहिलीस का. पाहिली होती. तिन्ही वेळा तिनेच पाठ धरली होती. ती फुली खोडून मी पूर्ण वाक्यच खोडलं.

मग यीस्टवर संशय. डब्यावरची मुदत संपली नव्हती. मग लोण्यावर. त्याच लोण्याने आम्ही शनिवारी भाकरी खाल्ली, काही झालं नाही. मग दूध पावडरवर. तिचं पाकीट पाव केला त्याच दिवशी फोडलं होतं. मी त्यातले दोन चमचे पाण्यात कालवून प्यायले. काही झालं नाही.

रविवारी बहिणीने एक फोटो पाठवला. उरलेला पाव सासूने उकिरड्यावर टाकला होता, पण एक तुकडा बहिणीने कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये लपवला होता. फोटोत तुकडा किंचित हिरवट दिसत होता. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत भातही हिरवट दिसतो. फोटोतल्या रंगावर बातमी करायची नाही, हे मी पहिल्या वर्षी शिकले होते. मी तिला विचारलं, आईंना चव कशी लागली होती.

"मी नाय विचारलं."

"विचार."

"मी कशी विचारू गो ताई? मी तोंड उघडलं की त्या भांडी वाजवतात."

तरी तिने विचारलं. अर्ध्या तासाने उत्तर आलं. "म्हणतात, गोड नव्हता. जिभेवर खिळा ठेवल्यासारखा लागला. त्यांना वाटलं चिनी पाव असाच असतो, म्हणून खाल्ला."

गोड नव्हता. हे वाक्य मी दोनदा वाचलं. पिठात साखर होतीच, पण थोडी. गोडीचा निम्मा भाग खळीतल्या चमच्याचा. आणि वहीत मागे गेल्यावर गुरुवारच्या पानावर माझ्याच अक्षरात सापडलं: आज कमी फुगला, पावसाची हवा. पाव करायला लागल्यापासून मी दर वेळेचं लिहून ठेवत होते. पीठ किती वेळात वर आलं, साच्यातली पिठाची वेटोळी किती दाबली, वरचा रंग किती मिनिटांत. त्या आधीचे सात पाव नीट फुगले होते, त्यांतले चार पावसातच.

मोरचुदाने बुरशी मरते. यीस्ट ही बुरशीच.

मी कारखान्यात गेले. नवरा एका मूर्तीच्या सोंडेवर पॉलिश कागद मारत होता.

"बुधवारी शिजवलेली खळ तू कधी उचललीस?"

"गुरुवारी सकाळी. तू आणि मेव्हणी पीठ मळत होता तेव्हा."

"कुठून?"

"खिडकीतून. नेहमीसारखी. कागद होता त्या पातेल्यावरचा."

"दोन्ही पातेली तिथेच होती?"

त्याने हात थांबवला. "काय म्हणायचंय तुला?"

"विचारतेय."

"तू विचारत नाहीस, उलटतपासणी करतेस. वीस वर्षं खळ लावतोय मी. माझी खळ मला कळत नाय?"

"रंग बघितला होतास?"

"लाइट होती कुठे?"

लाइट नव्हती, हे खरं. बुधवारी संध्याकाळी सातला गेलेली वीज गुरुवारी सकाळी साडेसहाला आली. पीठ आम्ही त्याआधी टॉर्चवर मळलं होतं, पाव वीज आल्यावर भाजला. एरवी पावाची खळ मी गार करून फ्रिजमध्ये ठेवते. त्या रात्री फ्रिज बंद होता, म्हणून ती खिडकीच्या कट्ट्यावर कारखान्याच्या खळीशेजारी राहिली. दूध आलं नव्हतं. वडखळच्या नाक्यावर पाणी भरलं होतं आणि दूधगाडी पलीकडे अडकली होती. त्यामुळे पावाची खळही नुसत्या पाण्यात केली होती. दुधाची असती तर टॉर्चच्या उजेडातही वेगळी दिसली असती. दोन्ही पातेली मी गुरुवारीच घासून टाकली होती. खळ वाळली की पातेलं सोडत नाही, म्हणून ती लगेच घासायची. म्हणजे पुरावाही मीच धुतला होता.

पण माझ्या पातेल्यावर ताटली होती. ते मला स्पष्ट आठवत होतं. बुधवारी संध्याकाळी मी स्वतः ठेवली होती. नवऱ्याने कागदाचं उचललं असेल, तर माझ्याकडे ताटलीचं राहिलं, आणि सगळं बरोबर होतं. मी तसं लिहिलं. पुढे फुली मारावी लागली, कारण सांगणारी एकटी मीच होते.

दुसरा साक्षीदार मूर्तीत होता. नवऱ्याने गुरुवारी त्या खळीने तीनच मूर्ती जोडल्या होत्या, दीड फुटी, बैठ्या. खळ मोरचुदाची असेल तर त्यांच्याकडे मुंगी फिरकणार नाही. माझी, साखर घातलेली खळ असेल तर मुंग्या येतील. आज नाही, तर हवा थोडी उघडली की.

सोमवारपासून मी रोज दोनदा जाऊन त्या तीन मूर्तींची पाठ बघत होते. टॉर्च घेऊन. जोड पाठीमागून खाली जातो, बैठकीपर्यंत. कारखान्यात काम करणाऱ्या बायका माझ्याकडे बघून एकमेकींकडे बघत.

"वहिनी, गणपतीच्या पाठीत काय हरवलंय?" एकीने विचारलं.

"किल्ली," मी म्हटलं.

सोमवारी काही नाही. मंगळवारी काही नाही. मंगळवारी मी पुठ्ठ्यावर दोन ठिपके ठेवले. एक मोरचुदाच्या खळीचा, एक साखरेच्या. पुठ्ठा मूर्तींच्या शेजारी, त्याच फळीवर. बुधवारी दुपारी ऊन पडलं. चारला साखरेच्या ठिपक्याभोवती मुंग्यांचं कडं होतं. मोरचुदाचा ठिपका मोकळा. त्याच वेळी मधल्या मूर्तीच्या पाठीवर, जोडाच्या सरळ रेषेत, बैठकीपासून खांद्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. उरलेल्या दोन मूर्तींवर संध्याकाळपर्यंत लागली. त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी, जुन्या खळीने जोडलेल्या पाच मूर्ती त्याच फळीवर होत्या. त्यांच्यावर एकही नव्हती.

नवऱ्याने फडक्याने रांग पुसली. "पावसाळ्यात मुंग्या सगळीकडंच येतात," तो म्हणाला. मग पुठ्ठा पाहिला. त्याने पुठ्ठा उचलला, उन्हात धरला, खाली ठेवला. त्या रात्री त्याने तिन्ही मूर्तींचे जोड कापून पट्ट्या काढल्या.

ताटलीचा प्रश्न राहिला होता. तो गुरुवारी सुटला. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायला आमच्याकडे खाडीकडच्या गावातून एक बाई येते. तिच्या हाताला सराव असा की, दोन्ही डोळे एका श्वासात होतात. ती आठवड्यातून एकदाच, बुधवारी येते आणि आमच्याकडे जेवते. त्या आठवड्यात ती एक दिवस उशिरा आली. जेवताना मी तिला विचारलं, मागच्या वेळी अंधारात जेवलो ते आठवतं का.

"आठवतंय की. मेणबत्ती माझ्याच ताटात पडत होती."

"ताट कुठलं दिलं होतं मी तुम्हाला?"

ती हसली. "ताट कुठं? ताटली दिलीस. घासलेली भांडी सापडंनात तुला काळोखात. पातेल्यावरची उचललीस, पुसलीस नि दिलीस. नि त्या पातेल्यावर पेपर ठेवलास. मी बोलले पण, गो बाय, पेपर वाचायचा सोडून सगळ्याला लावतेस."

ती तसं म्हणाली होती. आता आठवलं. ताटली ठेवली ती संध्याकाळी, आणि जेवणाच्या वेळी उचलली. दोन्ही पातेल्यांवर कागद. नवऱ्याने कागदाचं उचललं. मी कागदाचं उचललं. दोघांचंही नियमाप्रमाणे.

वहीतल्या फुल्या संपल्या. सासूने अंडं खाल्लं नव्हतं. तिने मोरचूद खाल्लं होतं, माझ्या हातचं.

आमच्या घरातल्या फ्यूजबॉक्सशेजारी उभा राहून नवरा म्हणाला, "ती बरी हाय ना आता?"

"हो."

"मग उकरतेस कशाला? अंडं घातलं असं तिला वाटतंय. वाटू दे. अंड्याची माफी मागता येते. विष घातलं सांगून काय मागणार?"

मी बहिणीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, सांगू नको. हात जोडते. गौरी होऊ दे. त्या आत्ता नुसत्या घुश्शात आहेत. मोरचूद बोललीस तर मला कधीच पाठवायच्या नाय तुझ्याकडं."

"डॉक्टरांना कळायला हवं. त्यांच्या पोटात काय गेलं ते."

"आठ दिवस झाले. काय राहिलंय पोटात?"

"ते डॉक्टर सांगतील."

ती म्हणाली, "तुला बातमी लिहायचीय." आणि फोन ठेवला.

रविवारी मी सकाळच्या एसटीने रोह्याला गेले. नागोठण्यापर्यंत उभी, पुढे बसायला मिळालं. पिशवीत वही होती आणि मोरचुदाचा एक खडा प्लास्टिकच्या डबीत, डॉक्टरांना दाखवायला. पाव नेला नव्हता. बहिणीच्या दारात पोचले तेव्हा सासू ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होती. नवीन, पिवळं सूप. बाजारातलं असावं. तिने मान वर केली नाही.

"पाणी दे गो तुझ्या बहिणीला," ती आत बघून म्हणाली. "आपलं पाणी. आपल्या नळाचं."

मी तिच्यासमोर बसले. "मावशी, मी तुम्हाला काय झालं ते सांगायला आलेय."

"मला म्हाईत हाय काय झालं."

"नाही माहीत. आधी मलाही नव्हतं."

मग मी क्रमाने सांगितलं. दोन पातेली. वीज. दूधगाडी. ताटली. कागद. मुंग्या. पुठ्ठा. शब्द कमी वापरले आणि चूक माझी, हे दोनदा सांगितलं, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. बहीण पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने तो खाली ठेवला नाही.

सासूचे हात सुपात थांबले होते.

"म्हंजे मोरचूद."

"हो."

"निळा खडा. भाताच्या बियाण्याला लावायचे सासरे माझे."

"तोच." मी डबी उघडून दाखवली.

तिने डबी हातात घेतली नाही. लांबून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "हे तू सोताहून सांगायला आलीस?"

"हो."

"कोण पाठवलं?"

"कुणी नाही."

"मग यात तुझा फायदा काय?"

मी डबी बंद केली आणि म्हटलं, "तुम्ही डॉक्टरांकडे चला. त्यांना खरं कारण कळायला हवं."

"ते जाऊ. आधी माझं सांग." तिने सूप बाजूला सरकवलं. "अंडं होतं की नव्हतं?"

"नव्हतं."

"त्या चिनी बाईनं घातलं होतं. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"तिने घातलं. मी कधीच घातलं नाही. तुमचा श्रावण म्हणून."

"तुळशीला हात लाव."

मी उठून अंगणातल्या तुळशीला हात लावला. ती ओट्यावरून मान उंच करून बघत होती, हात खरंच लागला का ते. मी परत येऊन बसले.

"लोण्यात?"

"नाही."

"वरनं चमकत होता त्यो. बेकरीवाले अंडंच लावतात."

"पावडरीचं दूध लावलं होतं."

"पावडरीत?"

"पाकीट आणलंय. हिरवी खूण आहे त्यावर." पाकीट मी आणलं होतं, कारण हा प्रश्न येईल असं वाटलं होतं. तिने ते घेतलं, खूण नखाने खरवडून पाहिली, बहिणीला वाचायला लावलं. बहिणीने सगळं वाचून दाखवलं, पत्त्यासकट.

सासूने पाकीट परत दिलं. मग म्हणाली, "दहा दिवस मी देवाला हात लावला नाय. श्रावण बाटला म्हणून. दिवा पण हिला लावायला लावला." तिने बहिणीकडे बोट केलं. "मोरचूद तर मोरचूद. उलटून गेलं. अंडं उलटून जात नसतं."

बहिणीच्या हातातला तांब्या तेव्हा खाली आला.

सासू उठली, हातपाय धुतले, आत गेली. देवघराच्या लाकडी फळीवर दिवा ठेवल्याचा आवाज आला. मग काडी ओढल्याचा. ती बाहेर आली तेव्हा चपला घालत म्हणाली, "चल तुझ्या डॉक्टरकडं. आणि ती डबी तूच धर. मी हात लावणार नाय."

डॉक्टरांनी तपासलं, मागच्या आठवड्यातल्या लघवीबद्दल आणि पोटदुखीबद्दल विचारलं, रक्त तपासायला सांगितलं. तपासणीत काही निघालं नाही. अहवाल मंगळवारी मिळाला. मी त्याची प्रत मागून घेतली आणि वहीत लावली. रविवारी परत जाताना स्टँडवर सासूने मला एवढंच विचारलं, "पातेली टाकलीस का त्यातली एक?"

"दोन्ही कारखान्यात दिली. घरात नवीन घेतली."

"दोन्ही? मग बरं," ती म्हणाली. "सुपांचं नंतर बघू."

ते नंतर कधी, हे तिने सांगितलं नाही. त्या नव्या, पिवळ्या सुपाबद्दलही नाही. बहिणीला विचारलं तर तिलाही ठाऊक नव्हतं. मी सुपं सांगून ठेवली. सासूचा निरोप गौरीच्या आदल्या आठवड्यापर्यंत आला नाही. मग बहिणीने फोन करून विचारलं की सुपं किती वाजता आणतेस. आई विचारतायत, असं ती म्हणाली. आईंनी विचारलं की तू, हे मी विचारलं नाही.

गौरीच्या दिवशी सकाळी दहाला मी पाच सुपं घेऊन रोह्याला पोचले. गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या. सासू पुढे आली. तिने पाचही सुपं एकेक करून माझ्या हातातून घेतली, भरलेल्या वस्तू बाजूला करून तळ पाहिला, प्रत्येकाचा वास घेतला आणि पाचही गौरीपुढे मांडली.